७८ अंशांची रेघ: विदर्भात जीआयएस शिकताना

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीच्या आसपास एखाद्या संत्राबागेत उभं राहून मोबाइलवर रेखांश पाहिला, तर तो ७८ अंशांच्या आगेमागे येतो. भूगोल घेऊन एम.ए. किंवा एम.एस्सी. करणाऱ्या विदर्भातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा आकडा पहिल्याच आठवड्यात पाठ व्हावा, असं माझं ठाम मत आहे. जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशा-प्रणालीत, मीटरमध्ये मोजमाप करायला आपण यूटीएम प्रणाली वापरतो. तिने पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे साठ पट्टे पाडले आहेत. ४३वा पट्टा ७२ ते ७८ अंश पूर्व, ४४वा ७८ ते ८४. म्हणजे दोन पट्ट्यांची शीव थेट विदर्भातून जाते. बुलढाणा, अकोला, वाशीम ४३ मध्ये. वर्धा, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ४४ मध्ये. अमरावती आणि यवतमाळ हे दोन जिल्हे मात्र चिरले जातात. अमरावती शहर, अचलपूर, मेळघाट अलीकडे (४३ मध्ये), तर वरुड पलीकडे (४४ मध्ये). पुसद, दिग्रस, दारव्हा अलीकडे, तर यवतमाळ शहर आणि वणी पलीकडे. मुंबई-नागपूर रेल्वेने जाताना चांदूर रेल्वे ते धामणगाव रेल्वे या टप्प्यात गाडी ही रेघ ओलांडते.

पश्चिम महाराष्ट्राचं उदाहरण धरून लिहिलेल्या प्रात्यक्षिकात ईपीएसजी ३२६४३ हा कोड असतो, म्हणजे ४३व्या पट्ट्याचा क्रमांक. तो त्या जागेसाठी बरोबरच आहे. आपल्याकडे अर्ध्या जिल्ह्यांना ३२६४४ लागतो, आणि गडबड सुरू होते ती इथे.

रेघेवर नेमकं काय होतं ते आकड्यांत बघा. प्रत्येक पट्ट्याच्या मधल्या रेखावृत्ताला ५,००,००० मीटर हे मूल्य दिलेलं असतं. ४३ चं मधलं रेखावृत्त ७५ अंश, ४४ चं ८१ अंश. २१ अक्षांशावर ७८ अंशांच्या धुऱ्यावर उभे राहिलात, तर अलीकडच्या वावराचं ईस्टिंग (पूर्वेकडचं माप) ४३ मध्ये सुमारे ८,१२,००० मीटर येतं आणि त्याला लागून असलेल्या पलीकडच्या वावराचं ४४ मध्ये सुमारे १,८८,०००. दोन्ही बरोबर आहेत. पण एक्सेलमध्ये एका रकान्यात ८ लाखांचे आणि १ लाखाचे आकडे मिसळलेले दिसले की समजावं, दोन पट्टे एकत्र झालेत आणि नकाशा आता फाटणार.

यातली सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे थराला (नकाशाच्या लेयरला) निर्देशांक प्रणाली, म्हणजे सीआरएस, 'लावणं' आणि थर दुसऱ्या प्रणालीत 'बदलणं' यांतला फरक न कळणं. क्यूजीआयएस या सॉफ्टवेअरमध्ये 'सेट लेयर सीआरएस' हे फक्त लेबल आहे. आतले आकडे जसेच्या तसे राहतात. आकडे खरोखर बदलायचे तर 'रिप्रोजेक्ट लेयर' चालवून नवी फाइल करावी लागते. ४३ च्या आकड्यांवर ४४ चं लेबल चिकटवलं की सगळं बरोबर सहा अंश पूर्वेला सरकतं, म्हणजे या अक्षांशावर ६०० किलोमीटरांहून जास्त. मोर्शीची बाग ओडिशात संबलपूरजवळ जाऊन बसते. उलटं केलं, ४४ च्या आकड्यांवर ४३ चं लेबल लावलं, तर नागपूर गुजरातेत बारडोलीजवळ दिसतं. थर असा परराज्यात गेला तर फाइल बिघडलेली नसते, लेबल चुकलेलं असतं. आधी मूळ लेबल परत लावा, मग रिप्रोजेक्ट करा. आणि बिंदू थेट उत्तर ध्रुवाकडे, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांच्या भागात पडले असतील तर पट्ट्याचा काही दोष नाही. अक्षांश-रेखांशाचे रकाने उलटे दिलेत. एक्सचा रकाना म्हणजे रेखांश, वायचा म्हणजे अक्षांश.

अंश-मिनिटांचाही एक घोळ नेहमीचा. २० अंश ३० मिनिटं म्हणजे २०.५, पण वहीतून उतरवताना २०.३० लिहिलं जातं. फरक ०.२ अंशांचा, जमिनीवर २२ किलोमीटरांचा. एवढ्या अंतरात कधी कधी तालुका बदलतो.

मग अख्ख्या अमरावती जिल्ह्यासाठी कोणता पट्टा धरावा? एकच धरा, आणि प्रबंधात तो लिहा. जिल्ह्याचा बहुतेक भाग पश्चिमेला आहे, म्हणून ४३. रेघेवर यूटीएम किलोमीटरमागे सुमारे ८० सेंटिमीटर जास्त दाखवतं, म्हणजे हेक्टरमागे साधारण १६ चौरस मीटर. वरुड तालुक्यात हे थोडं वाढेल, पण जिल्ह्याच्या नकाशाला चालतं. गडचिरोलीला मात्र ४३ लावणं चालत नाही: तिथे किलोमीटरमागे सुमारे ३ मीटर आणि हेक्टरमागे ६० चौरस मीटरांच्या आसपास फरक पडतो. अख्ख्या विदर्भाचं क्षेत्रफळ काढायचं तर यूटीएमच्या नादी न लागता लंबगोलावरचं, म्हणजे पृथ्वीच्या किंचित चपट्या आकारावरचं, क्षेत्रफळ घ्या. क्यूजीआयएसच्या फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये डॉलरचं चिन्ह असलेलं 'एरिया' प्रोजेक्टमध्ये नेमलेल्या लंबगोलावर मोजतं. कंसात जॉमेट्री देऊन लिहिलेलं 'एरिया' सपाट कागदावर मोजतं. एकाच बहुभुजाचे दोन वेगळे आकडे येतात आणि विद्यार्थी गोंधळतो, त्याचं कारण एवढंच. सातबाऱ्यावरच्या क्षेत्राशी ताळा करताना १.२० हेक्टर-आर म्हणजे १ हेक्टर २० आर, आणि १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, हेही डोक्यात पक्कं हवं.

याच रेघेचा आपल्या भागाशी एक जुना संबंध आहे. ब्रिटिश सर्वेक्षक विल्यम लॅम्बटनने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ पायारेषा (सर्वेक्षणाची पहिली मोजलेली रेघ) मोजायला घेतली आणि पुढे ७८ अंशांच्या रेखावृत्ताला धरून त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे आणली. तीच ग्रेट आर्क. नागपूरकडे निघालेला असताना जानेवारी १८२३ मध्ये तो हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढचं काम त्याचा सहकारी जॉर्ज एव्हरेस्टने नेलं. यूटीएमची शीव त्याच आकड्यावर यावी हा योगायोग, पण शिकवायला याहून चांगला योगायोग मिळायचा नाही. विदर्भातल्या प्रत्येक भूगोल विभागाने एक शैक्षणिक सहल हिंगणघाटला न्यावी असं मला मनापासून वाटतं. सोबत त्या भागाचं स्थलदर्शक पत्रक (टोपोशीट) न्यावं, आणि ते कोणतं हे मुलांनी स्वतः काढावं. ५५ क्रमांकाचा मोठा चौकोन ७६ ते ८० रेखांश आणि २० ते २४ अक्षांशाचा. त्यात ए ते पी अशी सोळा घरं, वायव्य कोपऱ्यातून सुरू होऊन प्रत्येक स्तंभात वरून खाली. ७८ ते ७९ आणि २० ते २१ हे घर येतं एल. त्याचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे, त्याच क्रमाने. हिंगणघाट साधारण २० अंश ३३ मिनिटं उत्तर, ७८ अंश ५० मिनिटं पूर्व; म्हणजे चौथ्या स्तंभातलं दुसरं घर, ५५ एल/१४. एकदा हाताने असं काढलं की पत्रकाचा क्रमांक आयुष्यभर विसरत नाही.

जुनं पत्रक संगणकावर आणताना पायऱ्या ठरलेल्या आहेत, पण प्रत्येक पायरीवर पाय घसरायला जागा आहे. ३०० डीपीआयवर स्कॅन करा. १:५०,००० या प्रमाणावर एक पिक्सेल मग जमिनीवर सव्वाचार मीटरांचा होतो. घडी पडलेलं पत्रक आधी दोन दिवस वजनाखाली ठेवा, कारण घडीवरचा उंचवटा स्कॅनमध्ये ताण आणतो आणि कोणतंही सूत्र तो नीट काढू शकत नाही. चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश देऊन थांबू नका. पत्रकावर पाच-पाच मिनिटांच्या रेघा असतात. त्यांचे छेद धरले तर चार गुणिले चार असे सोळा बिंदू मिळतात. ते सगळे द्या, पहिल्या किंवा दुसऱ्या श्रेणीचं पॉलिनॉमियल (चित्र जागेवर बसवणारं सूत्र) वापरा आणि सरासरी चूक १० मीटरांच्या आत आणा. एखाद्या बिंदूची चूक बाकीच्यांच्या पाचपट दिसली तर तो बिंदू काढून टाकायची घाई नको. आधी आकडा तपासा, बहुतेक वेळा ४५ च्या जागी ५४ टाइप झालेलं असतं. तिसऱ्या श्रेणीचं पॉलिनॉमियल चूक कागदावर शून्याजवळ आणतं आणि दोन बिंदूंमधला नकाशा वाकवून ठेवतं, म्हणून ते टाळा.

आता खरी मेख. जुनी पत्रकं एव्हरेस्टच्या १८३० च्या लंबगोलावर आहेत. त्यांवरचे अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरतं ती प्रणाली) समजून टाकले, तर सगळं पत्रक शे-दीडशे मीटर सरकतं. गावाबाहेरचा नाला गावठाणात शिरतो. म्हणून बिंदू देताना प्रणाली 'कल्याणपूर १९७५' (ईपीएसजी ४१४६) निवडा, आणि नंतर डब्ल्यूजीएस ८४ मध्ये बदला. भारतीय सर्वेक्षण विभागाची नवी ओपन सिरीज पत्रकं मुळातच डब्ल्यूजीएस ८४ आणि यूटीएमवर आहेत. विभागाच्या पोर्टलवर नोंदणी केली की ती पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. तरी जुनं पत्रक एकदा तरी हाताने बसवावं. दुरुस्तीनंतर जुनी विहीर आजच्या उपग्रह चित्रातल्या विहिरीवर बसताना दिसते, तेव्हा लंबगोल म्हणजे काय ते खरं कळतं.

उंचीच्या प्रतिमानासाठी, म्हणजे डीईएमसाठी, लोणारसारखी शाळा नाही. विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि सव्वाशे मीटरांहून खोल. ३० मीटरांच्या एसआरटीएममध्ये (उंचीच्या जागतिक डेटात) साधारण ६० पिक्सेल रुंदीचा खड्डा. प्रवाहजाळं काढायच्या प्रत्येक पाठात पहिली पायरी असते 'फिल सिंक्स', कारण डीईएममध्ये चुकीने आलेले लहान खड्डे बुजवले नाहीत तर पाणी तिथेच अडतं. लोणारवर ही पायरी डोळे मिटून चालवली की अख्खं विवर काठाच्या सगळ्यात खालच्या जागेपर्यंत भरून सपाट ताट होतं, आणि मग प्रवाहाची रेघ काठावरून बाहेर पडताना दिसते. प्रत्यक्षात तिथून पाणी बाहेर जात नाही. काठावरच्या धार नावाच्या झऱ्याचं पाणीसुद्धा आतच उतरतं. संगणकाला खरा खड्डा आणि खोटा खड्डा यांतला फरक सांगावा लागतो. ग्रास या सॉफ्टवेअरच्या आर.वॉटरशेड या साधनात 'डिप्रेशन' नावाचा इनपुट त्यासाठीच आहे: विवराच्या तळाचा बहुभुज काढा, त्याचा रास्टर (पिक्सेलचा थर) करून तिथे द्या, पाणी तिथे थांबतं. भरण्याआधीच्या आणि नंतरच्या डीईएमची वजाबाकी करून बघायची सवय लावा. त्या वजाबाकीत एक-दोन मीटरांचे ठिपके म्हणजे डेटातला गोंगाट, आणि शंभर मीटरांचा गोल म्हणजे लोणार.

डीईएमचं आणखी दोन ओळींत सांगतो. उतार काढण्याआधी तो यूटीएममध्ये बदला. आडवं माप अंशांत आणि उभं मीटरमध्ये राहिलं तर सपाट वावरही ९० अंशांच्या जवळचा कडा दिसतं. प्रवाहाचा उंबरठा (किती क्षेत्राचं पाणी जमलं की ओढा धरायचा) पिक्सेलमध्ये मागतात: ३० मीटरांचा पिक्सेल म्हणजे ०.०९ हेक्टर, तेव्हा ५०० हेक्टरांसाठी सुमारे ५,५५५ पिक्सेल. आणि एसआरटीएम फेब्रुवारी २००० मधलं आहे हे विसरू नका. गोसेखुर्दचा आजचा जलाशय त्यात नाही, समृद्धी महामार्गाचा भराव नाही. नवं पाहिजे तर कोपर्निकसचं ३० मीटरांचं डीईएम घ्या, त्याची मापं साधारण २०११ ते २०१५ मधली आहेत.

उपग्रह चित्रांच्या बाबतीत सॉफ्टवेअरपेक्षा शेतकऱ्याचं पंचांग जास्त कामाचं आहे, आणि इथे गावाकडच्या मुलांचा हात कोणी धरू शकत नाही. पावसाळ्यात सेंटिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांनी येऊनही ढगच दाखवतो, म्हणून खरिपाचं वर्गीकरण जुलै-ऑगस्टच्या चित्रावर करायला जाऊ नका. ऑक्टोबरच्या अखेरीचं किंवा नोव्हेंबरचं स्वच्छ चित्र धरा. तोवर सोयाबीन निघालेलं असतं, वावर उघडं पडतं. कपाशी आणि तूर हिरवी उभी असते. एवढ्या एका तारखेवर सोयाबीन आणि कपाशी वेगळी होतात. कपाशीत तुरीच्या ओळी असतील तर ते वेगळं करायचा हट्ट १० मीटरांच्या पिक्सेलवर धरू नये. जानेवारी-फेब्रुवारीत हिरवं दिसतं ते गहू-हरभरा, म्हणजे ओलीत. एप्रिल-मे मध्ये वरुड-मोर्शीकडे हिरवी राहते ती संत्राबाग. पण तेच एप्रिलचं चित्र मेळघाटावर लावलं तर सागाने पानं टाकलेली असतात आणि दाट जंगल पडीक जमिनीच्या रंगात जातं. 'तीस वर्षांत जंगल घटलं' असे निष्कर्ष केवळ एक चित्र डिसेंबरचं आणि दुसरं एप्रिलचं घेतल्याने निघू शकतात. तुलना करायची तर दोन्ही चित्रं एकाच पंधरवड्यातली हवीत. पूर्व विदर्भात धानाच्या बांध्यांत रोवणीच्या वेळी पाणी असतं. ते चित्रात मामा (माजी मालगुजारी) तलावांसारखंच काळं दिसतं, म्हणून तलाव मोजायचे तर पाऊस सरल्यावर आणि धान कापल्यावर.

सेंटिनेल-२ चा एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा निर्देशांक, काढताना एक बारीक खाच आहे. २५ जानेवारी २०२२ पासून त्याच्या आकड्यांत १,००० ची भर घातलेली असते. ती वजा करावी लागते. समजा लाल बँडचा आकडा १,४०० आणि जवळच्या अवरक्त बँडचा ४,०००. तसंच सूत्रात (वजाबाकी भागिले बेरीज) घातलं तर २,६०० भागिले ५,४०० म्हणजे ०.४८. भर काढली की ४०० आणि ३,०००. २,६०० भागिले ३,४०० म्हणजे ०.७६. एकच वावर, एकच दिवस. २०२१ आणि २०२३ ची तुलना करणाऱ्याने हे सोडलं तर त्याला सगळीकडे पीक करपल्यासारखं दिसेल. गूगल अर्थ इंजिन या उपग्रह चित्रांच्या ऑनलाइन सेवेत 'हार्मनाइझ्ड' नावाचा संच घेतला तर ही दुरुस्ती आधीच केलेली मिळते.

आणि इथेही ती रेघ येतेच. सेंटिनेलच्या चित्रांच्या तुकड्यांची (टाइल्सची) नावं विदर्भात ४३क्यू किंवा ४४क्यू अशी सुरू होतात. ७८ अंशांजवळ तेच गाव दोन्ही पट्ट्यांच्या तुकड्यांत मिळतं. शक्य तर अभ्यासक्षेत्र ज्या एका पट्ट्यात पूर्ण बसतं तेच तुकडे घ्या. जोडणं भागच असेल तर आधी एका पट्ट्यात आणा; मूळ बँडसाठी बायलिनियर (शेजारच्या पिक्सेलची सरासरी), वर्गीकरण झालेल्या चित्रासाठी नियरेस्ट नेबर (जवळच्या पिक्सेलचा आकडा जसाच्या तसा). वर्गीकृत चित्राला बायलिनियर लावलं तर १ (पाणी) आणि ३ (जंगल) यांच्या कडेला २ (शेती) असा न पेरलेला पट्टा उगवतो.

गावांच्या तक्त्याचं काम कंटाळवाणं वाटतं, पण निम्मे लघुप्रबंध तिथेच अडतात. नावावरून जोडणी करू नका. बोरगाव, खैरी, पिंपरी प्रत्येक जिल्ह्यात, वर बुद्रुक-खुर्द. २०११ च्या जनगणनेचा सहा अंकी गावकोड वापरा, आणि दोन्ही तक्त्यांत तो एकतर संख्या असू द्या किंवा मजकूर. एकीकडे संख्या, दुसरीकडे मजकूर असेल तर एकही गाव जोडलं जात नाही. यादीत 'रिठी' लिहिलेली गावं येतील. ती उजाड गावं आहेत, शिवार आहे पण वस्ती नाही. लोकसंख्या शून्य बघून ती 'माहिती नाही' म्हणून उडवू नका. घनतेच्या नकाशात शून्य हा वेगळा वर्ग ठेवा. दरडोई काही काढताना मात्र त्यांना आधी गाळा, नाहीतर शून्याने भागाकार होतो.

मराठीत तक्ता भरणाऱ्यांसाठी: शेपफाइल या नकाशाच्या फाइल प्रकारात रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात आणि देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं, मात्रासुद्धा. 'गाव' जेमतेम बसतं, 'तालुका' तुटतो. जिओपॅकेज या नव्या फाइल प्रकारात साठवा, ही अडचण राहत नाही. शेपफाइलच पाठवायची असेल तर चार-पाच फाइलींची एक झिप करा. नुसती डॉट एसएचपी व्हॉट्सॲपवर आली तर समोरच्याकडे ना तक्ता असतो ना प्रणाली. शेतातले फोटोही 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, कारण साध्या फोटोतलं स्थान निघून जातं.

संगणक फार भारी लागत नाही: ८ जीबी रॅम आणि एसएसडी पुरे, क्यूजीआयएस मोफत आहे. सेंटिनेलचा एक तुकडा साधारण एक जीबीचा, गावात रेंज तुटते. लागतील तेवढेच बँड उतरवा.

शेवटी प्रत्यक्ष पडताळणी. एक एकराचं चौकोनी वावर बाजूने सुमारे ६४ मीटर, म्हणजे सेंटिनेलचे सहा गुणिले सहा पिक्सेल. कडेचे वीस पिक्सेल शेजारच्या वावरात, धुऱ्यावरच्या बाभळीत किंवा पांदणीत मिसळलेले. खरे उरतात सोळा. म्हणून धुऱ्यावर उभं राहून बिंदू घेऊ नका; मोबाइलची चूक मोकळ्या आभाळाखाली तीन ते पाच मीटर असते, तेव्हा निदान वीस मीटर आत जा. प्रत्येक वर्गासाठी पन्नासेक बिंदू जमवा, आणि सगळे रस्त्याकडेचे नकोत. वावरात कोणी भेटलं तर विचारा, "भाऊ, औंदा इथं काय होतं? केव्हा पेरलं, केव्हा काढलं?" उत्तर आणि तारीख दोन्ही वहीत लिहा. चित्र ५ नोव्हेंबरचं असेल आणि सोयाबीन १० तारखेला निघालं असेल, तर त्या वावराचा बिंदू उघड्या जमिनीत धरता येत नाही.